कॅमेऱ्याची पाठ

छायाचित्रणाच्या कलेविषयीं बोलणें निघालें कीं सारी स्तुति भिंगाच्या वांट्यास येते. अमक्या कारखान्याचें भिंग किती स्वच्छ, तमक्याची नजर किती तीक्ष्ण, याची चर्चा जाणते लोक तासन्‌तास करूं शकतात. कॅमेऱ्याच्या पाठीकडे मात्र कोणी वळून पाहत नाहीं. वास्तविक ज्या कांचेवर किंवा फिल्मवर चित्र उमटावयाचें ती या पाठींत बसते, आणि चित्र घेण्यापूर्वीं व घेतल्यानंतर तिला उजेडापासून जपण्याचें सारें काम ही पाठच करीत असते. देखल्या देवा दंडवत घालण्याची आपली संवय जुनी आहे. भिंग दिसतें म्हणून त्यास दंडवत. पाठ अंधारांत राबते म्हणून तिची उपेक्षा. प्रस्तुत लेखांत या उपेक्षित पाठीचा इतिहास सांगावा, आणि तो शक्यतों आमच्या वऱ्हाडास धरून सांगावा, असा आमचा विचार आहे. कारण या प्रांतांत कोणाचें चित्र निघालें आणि कोणाचें निघालें नाहीं, हा प्रश्न भिंगानें नव्हे तर पाठीनें सोडविला, असें आमचें मत झालें आहे.

प्रथम दोन शब्दांची ओळख करून घेऊं. कॅमेरा या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कोठडी. एका भोंकावांचून जींत उजेड येत नाहीं अशी कोठडी, एवढाच त्याचा जुना आशय. या कोठडीच्या पाठीस फिल्मची जी पेटी लावतात तिला मॅगझिन म्हणतात, आणि तो शब्द अरबीतील मखझन, म्हणजे कोठार, यावरून आलेला आहे. दारूगोळ्याच्या कोठारास हेंच नांव; आणि लंडनमध्यें १७३१ सालीं निघालेल्या ‘जंटलमन्स मॅगझिन’पासून नियतकालिकांसहि तेंच नांव मिळालें. म्हणजे वाचकांच्या हातांतील हें मासिक आणि कॅमेऱ्याची ती पेटी हीं एकाच कुळांतलीं भावंडें होत. आमच्या वऱ्हाडांत ज्वारी साठविण्यासाठीं जमिनीच्या पोटांत पेव खणीत. पेवाचें तोंड घट्ट बंद असलें तर धान्य टिके. अवेळीं उघडलें, ओल शिरली, कीं सारें नासे. कॅमेऱ्याच्या पाठीची जात हीच. फरक इतकाच कीं पेवास ओलीचें भय, आणि पाठीस उजेडाचें.

१८३९ सालीं पॅरिस येथें दागेर याची कृति जाहीर झाली, तेव्हांपासून छायाचित्रणाचा काळ मोजतात. परंतु हिंदुस्थानांत या कलेचा खरा प्रसार झाला तो १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानें प्रसिद्ध केलेल्या ओल्या कांचेच्या कृतीमुळें. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे विद्वान् तिचे सभासद होते. ही कृति अशी: कापसावर तीव्र आम्लांची क्रिया करून तो ईथर व मद्यार्क यांत विरघळवावयाचा. या चिकट द्रवास कलोडियन म्हणतात. तो कांचेवर ओतून तिचा सारखा थर पसरावयाचा, मग अंधारांत ती कांच चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच लांकडी चौकटींत घालून कॅमेऱ्याच्या पाठीस लावावयाची, चित्र घ्यावयाचें, आणि थर सुकण्यापूर्वीं पुनः अंधारांत नेऊन ती धुवावयाची. या साऱ्या खटाटोपास दहापंधरा मिनिटांहून अधिक अवधि मिळत नसे. चौकटींतून गळणारें चांदीचें पाणी लांकूड खाऊन टाकी, म्हणून तिच्या कोपऱ्यांना चांदीची तार किंवा कांचेचे तुकडे बसवीत.

आतां हीच कृति वऱ्हाडांत करून पाहण्याची कल्पना करावी. ईथर हा द्रव सुमारें ३५ अंश उष्णतेवर उकळूं लागतो. अकोल्यास उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो हें सर्वांस ठाऊक आहे. म्हणजे चैत्र-वैशाखांत बाटलीचें बूच काढतांच ईथर उडून जाणार, आणि कांचेवरचा थर पसरतां पसरतांच सुकणार! ज्या प्रांताच्या काळ्या मातींत जगाला पुरेल इतका कापूस पिके, त्याच प्रांताचें ऊन कापसाच्या या सत्त्वाचें वैरी व्हावें, हा एक योगायोगच म्हणावयाचा. म्हणून त्या काळचा छायाचित्रकार हिवाळ्यांत फिरे, आणि फिरतांना काळोख बरोबर घेऊन फिरे. काळा तंबू, कांचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, पाण्याच्या पखाली आणि हें सर्व वाहणारे बैल व हमाल असा त्याचा लवाजमा असे. कॅमेऱ्याची पाठ त्या वेळीं कॅमेऱ्याएवढी नव्हती. ती एका छावणीएवढी होती.

अशी छावणी ज्यास परवडे तोच चित्र काढणार हें उघड आहे. १८५३ च्या तहानें वऱ्हाडाचा कारभार निझामाकडून इंग्रजांकडे आला, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत या भागांत व त्याच्या शेजारीं ज्यानें कॅमेरा हिंडविला तो रॉबर्ट गिल हा मद्रास लष्करांतील अधिकारी होता. १८४४ सालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली. त्यानें वर्षानुवर्षें खपून तयार केलेल्या रंगीत नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागून त्यांतील बहुतेक सर्व जळून गेल्या. परंतु मध्यंतरीं गिल कुंचल्याबरोबर कॅमेराहि वापरूं लागला होता. त्याच्या छायाचित्रांचीं दोन पुस्तकें जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ सालीं लंडनांत प्रसिद्ध झालीं, आणि लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचीं त्यानें घेतलेलीं चित्रें आजहि तेथील ब्रिटिश लायब्ररींत पाहावयास मिळतात. १८७९ सालीं तो वारला. त्याची कबर भुसावळास आहे. अजिंठ्याच्या पारोची व त्याची कथा मराठी वाचकांच्या परिचयाची आहे, म्हणून तिची पुनरुक्ति करीत नाहीं.

त्या काळच्या चित्रांकडे पाहतांना एक गोष्ट मनांत आल्यावांचून राहत नाहीं. त्यांत देवळें आहेत, लेणीं आहेत, किल्ल्यांचे दरवाजे आहेत. माणूस मात्र क्वचित्, आणि जो आहे तोहि बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून खांबापाशीं उभा केलेला. यास त्या साहेबांची अरसिकता हें कारण नव्हे, निदान तें एकटें नव्हे. ओली कांच मंद असे; कांहीं सेकंद तरी समोरची वस्तु हलतां कामा नये. दगड हलत नाहीं. आणि तंबू ठोकून, पाणी भरून, औषधें मांडून बसावयाचें तें एका ठिकाणीं. रस्त्यानें चाललेली बैलगाडी किंवा सरकी वेंचणारी बाई त्या तंबूसाठीं थांबत नसे. वऱ्हाडाच्या चित्रमय इतिहासाचें पहिलें प्रकरण असें दगडांचें झालें, आणि तें तसें कॅमेऱ्याच्या पाठीनें ठरविलें.

दुसरें प्रकरण कोरड्या कांचेचें. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्यानें १८७१ सालीं कलोडियनच्या जागीं जिलेटिन वापरण्याची युक्ति सुचविली, आणि पुढील दहा वर्षांच्या आंत कारखान्यांत तयार झालेल्या कोरड्या कांचा बाजारांत आल्या. या कांचा महिनेच्या महिने टिकत. तंबू गेला, बाटल्या गेल्या, आणि पाठ आकसून एका लांकडी चौकटीएवढी झाली. या चौकटींत पाठीला पाठ लावून दोन कांचा बसत, आणि प्रत्येकीपुढें सरकतें झांकण असे. रात्रीं लाल कांचेच्या कंदिलाजवळ बसून अशा तीन चौकटी भराव्या, म्हणजे दुसऱ्या दिवशींची सहा चित्रांची शिदोरी तयार. कांचेची कोणती बाजू औषधाची हें बोटाच्या स्पर्शावरून ओळखावें लागे. उलटी बसली तर चित्र अस्पष्ट व डावें-उजवें बदललेलें निघे.

मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला होता आणि अकोला व बडनेरा हीं त्याच्यावरचीं स्थानकें होतीं. कापसाच्या गांठी मुंबईस नेणारी तीच गाडी परत येतांना कांचांच्या पेट्या आणूं शकली. पुराणवस्तु खात्याच्या हेन्री कझिन्स यानें मध्यप्रांत व वऱ्हाड यांतील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ सालीं प्रसिद्ध केली, आणि दक्षिणेंतील मध्ययुगीन मंदिरांवरील त्याच्या १९३१ च्या ग्रंथांत लोणारबरोबर अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीचेंहि मंदिर आलें. परंतु कोरड्या कांचेचें खरें कार्य सरकारी दौऱ्यांत झालें नाहीं; तें शहरांतील स्टुडिओंत झालें. पुढील कांहीं दशकांत जिल्ह्याच्या गांवींहि असे स्टुडिओ निघाले, आणि वकील, जमीनदार, व्यापारी, शिक्षक हे आपापल्या कुटुंबासह तेथें जाऊन बसूं लागले.

अमरावती-अकोल्याच्या जुन्या वाड्यांतून जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेलीं अशीं चित्रें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. त्यांतील माणसें इतकीं ताठ व गंभीर कां, असें आजचीं मुलें विचारतात. उत्तर पुनः पाठींतच आहे. कांच महाग, चौकटींत मोजून दोन. हंसण्यांत किंवा पापणी लवण्यांत एक वायां गेली तर दुसरी भरावयाची ती अंधारखोलींत जाऊन. म्हणून मान धरण्यास मागें लोखंडी कांटा, आणि तोंडावर दरबारी गांभीर्य! कर्त्या पुरुषाचें उभ्या आयुष्यांत एक चित्र, तेंहि बहुधा केंस पिकल्यावर. मुलीचें लग्न ठरवितांना एक. आणि कित्येक आजीबाईंचें एकहि नाहीं. दगडांच्या नंतर माणसें आलीं खरीं, परंतु तीं स्टुडिओपर्यंत चालत येऊं शकणारीं व कांचेचे पैसे मोजूं शकणारीं माणसें होतीं. शेतावरील मजूर, जिनांत काम करणाऱ्या बायका, मेळघाटांतील कोरकू हे या दुसऱ्या प्रकरणांतहि उंबऱ्याबाहेरच राहिले.

तिसरें प्रकरण कागदाचें आहे, आणि तें आम्हांस सर्वांत कौतुकाचें वाटतें. लांब पट्टी गुंडाळून ती पाठींत बसवावी ही कल्पना वॉर्नर्के यानें १८७५ सालीं लंडनमध्यें अमलांत आणली होती. १८८५ सालीं अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन व विल्यम वॉकर यांनीं अशी गुंडाळी धरणारी एक सुटी पेटी केली, आणि ती कोणत्याहि नेहमींच्या कांचेच्या कॅमेऱ्यास मागून लावतां येई. कॅमेरा तोच, पाठ दुसरी, हा विचार येथून रूढ झाला. १८८८ सालीं ईस्टमनचा कोडॅक निघाला. त्यांत शंभर चित्रांची पट्टी भरलेली येई, पण ती संपल्यावर सबंध कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यांत परत धाडावा लागे, कारण उजेडांत पट्टी काढण्याची सोय नव्हती. बोस्टनच्या सॅम्युएल टर्नर यानें १८९२ च्या सुमारास ती अडचण सोडविली. त्यानें पट्टीच्या मागें तिच्याहून लांब असा काळा कागद लावला. दोन्ही टोंकांस नुसता कागद, मध्यें फिल्म. कागदाच्या पाठीवर आंकडे, आणि कॅमेऱ्याच्या पाठीस आंकडा दिसण्यापुरती लाल कांचेची एक खिडकी. ईस्टमननें १८९५ सालीं तो सबंध धंदाच विकत घेतला. पुढें १९०१ सालीं निघालेला याच पद्धतीचा १२० क्रमांकाचा रोल आजहि, सव्वाशें वर्षें होत आलीं तरी, बाजारांत मिळतो.

ही युक्ति किती मोठी होती हें कागद नसता तर काय झालें असतें यावरून समजेल. चलच्चित्राच्या फिल्मला असा कागद नसे. दादासाहेब फाळके १९१२ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ची तयारी करीत होते, तेव्हां कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रें पाडण्यापासून सारें काम काळोखांत करावें लागे, आणि तें त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं शिकून केलें. १९१३ च्या ३ मे रोजीं मुंबईंत तें चित्र लोकांनीं पाहिलें, त्यांत पडद्यावर स्त्री नव्हती, कारण स्त्रीची भूमिका करण्यास कोणी स्त्री मिळाली नाहीं. परंतु त्या फिल्मवर काळोखांत जे हात फिरले होते त्यांत एका गृहिणीचे हात होते. दृष्टीआड सृष्टि म्हणतात ती ही. टर्नरच्या कागदानें मात्र साध्या छायाचित्रापुरती ही अंधारखोली प्रत्येक रोलभोंवतीं गुंडाळून दिली. आतां झाडाच्या सावलींत उभें राहून, कोणाच्याहि हातून, पाठ भरतां येऊं लागली.

मग तिसऱ्या प्रकरणांत माणसें कशीं भराभर आंत शिरलीं पाहा. जर्मनींतील फ्रांके व हायडेके यांचा रोलीफ्लेक्स १९२९ सालीं निघाला, आणि पोटाशीं धरून वरून पाहावयाचे त्याच्या धर्तीचे कॅमेरे पुढें आपल्याकडील लग्नाच्या छायाचित्रकारांचें जणू चिन्हच झाले. स्वातंत्र्यानंतर बडोद्यास तयार होऊं लागलेला आग्फा क्लिक थ्री हा स्वस्त पेटीवजा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत शिरला. या सर्वांत तोच रोल, आणि त्यावर बहुधा चौकोनी बारा चित्रें. अंगणांतील तुळशीपाशीं उभी असलेली आई, सायकलीवर बसलेला भाऊ, चिखलदऱ्याची सहल, हीं चित्रें याच काळांत प्रथम निघालीं. आणि त्यांत माणसें प्रथमच हंसलीं.

तरी एक अडचण उरली होती. एकदां रोल भरला म्हणजे तो संपेपर्यंत कॅमेरा त्याचा बांधलेला. दुपारच्या उन्हासाठीं मंद फिल्म घातली आणि गोरज मुहूर्तावर लग्न लागावयाचें असलें तर करावें काय? आणि मंगलाष्टकें संपतां संपतां, अंतरपाट दूर होण्याच्या क्षणींच, बारावें चित्र संपलेलें असलें तर? नवा रोल भरीपर्यंत माळा पडून, अक्षता उधळून, वऱ्हाडी पंगतीस बसलेले असावयाचे!

या अडचणीवरचा तोडगा स्वीडनच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यानें काढला. महायुद्धाच्या काळांत त्यानें आपल्या देशाच्या वायुदलासाठीं कॅमेरे केले होते. १९४८ सालीं न्यूयॉर्कमध्यें त्यानें जो नवा कॅमेरा मांडला त्याची पाठ सबंध सुटी होती, आणि अर्धा रोल झालेला असतांनाहि ती काढून दुसरी लावतां येत होती. १९५७ च्या सुधारलेल्या नमुन्यानें या पद्धतीस जगभर मान्यता मिळाली. पुढें ब्रोनिका, मामिया इत्यादि जपानी कारखान्यांनींहि ती उचलली. हा मूळ कॅमेरा बनविणें २०१३ सालीं बंद झालें, तथापि जुने नमुने अद्यापि हातोहात फिरत आहेत, आणि एखाद्या हौशी तरुणाच्या हातीं तो आला तर त्याची पाठ कशी भरावी हें येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

पाठीच्या तोंडाशीं एक पातळ पोलादी पत्रा सरकत असतो. फिल्म आणि उजेड यांच्यामधील हा अंतरपाटच समजावा. पत्रा आंत असल्यावांचून पाठ कॅमेऱ्यापासून सुटत नाहीं. आणि पत्रा आंत असेपर्यंत कॅमेऱ्याची कळ दबत नाहीं. असे दुहेरी कुलूप ठेवण्यांत करणाऱ्याची दूरदृष्टि दिसते. पाठ सुटी केल्यावर बाजूची चावी फिरवून आंतील सांगाडा बाहेर ओढावा. रिकामें रीळ गुंडाळण्याच्या बाजूस आणि नवा रोल दुसऱ्या बाजूस बसवावा. रोलवरची पट्टी फाडून कागदाचें टोंक थोडें ओढावें, तें कडेच्या दाबपट्टीखालून घेऊन सांगाड्यावरून असें वळवावें कीं त्याची काळी बाजू बाहेर, म्हणजे भिंगाकडे, राहील, आणि रिकाम्या रिळाच्या खांचेंत अडकवावें. मग कागदावर छापलेला बाण सांगाड्यावरील लाल त्रिकोणासमोर येईपर्यंत रीळ फिरवावें व तेथेंच थांबावें. बाण पुढें गेला तर पहिलें चित्र हुकतें. सांगाडा घरांत सरकवून चावी बंद करावी, आणि बाहेरची मूठ ती आपोआप अडेपर्यंत फिरवावी. खिडकींत एकाचा आंकडा दिसला म्हणजे कोठार भरलें.

यापुढें लक्षांत ठेवण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. कॅमेऱ्यास व पाठीस प्रत्येकीं एक लहानशी खूण असते. ती तयार असतां पांढरी व नसतां तांबडी दिसते. दोहोंचा रंग जुळल्याखेरीज पाठ जोडूं नये; नाहींतर एक जागा कोरी जाते किंवा एकावर एक अशीं दोन चित्रें पडतात. सांगाड्यावरचा व बाहेरच्या घरावरचा क्रमांक एकच असावा, कारण ती जोडी कारखान्यांतच एकमेकांस बेतून केलेली असते. पत्रा ज्या फटींतून सरकतो तेथील बंदोबस्त कालांतरानें झिजतो आणि चित्राच्या कडेस उजेडाचा ओरखडा उमटूं लागतो. तेव्हां ती पट्टी बदलून घ्यावी. बारा चित्रें झालीं कीं उरलेला कागद पुरा गुंडाळून घ्यावा, रोल सैल पडूं न देतां काढावा, आणि शेवटची गोंदाची चिठ्ठी ओली करून घट्ट चिकटवावी. हें सर्व उजेडांत चालतें, पण उन्हांत नव्हे. वऱ्हाडच्या उन्हांत तर स्वतःच्या शरीराची तरी सावली करावी. शिकणाऱ्यानें एक रोल वायां घालवून, तोच पुनः पुनः भरून काढून हात बसवावा. तो खर्च फुकट जात नाहीं.

उन्हाविषयीं आणखी एक सूचना अवश्य आहे. फिल्मवरील थर अद्यापि जिलेटिनचाच असतो आणि त्यास उष्णता व ओल हीं दोन्हीं बाधतात. वैशाखांत उभ्या मोटारींत रोल ठेवूं नये. शीतपेटींतून काढलेला रोल लगेच उघडूं नये, नाहींतर गारठ्यामुळें त्याच्यावर दंव धरतें. आणि श्रावण-भाद्रपदांत भरलेली पाठ आठवडेच्या आठवडे तशीच पडूं देऊं नये. जुन्या स्टुडिओवाल्यांस धुण्याच्या पाण्यांत बर्फ घालावा लागे, आणि थर घट्ट राहावा म्हणून तुरटीच्या जातीचे क्षार वापरावे लागत, तें याच कारणासाठीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. १९६९ च्या जुलैंत मनुष्य प्रथम चंद्रावर उतरला तेव्हां त्याच्याजवळ हाच स्वीडिश कॅमेरा होता. परत निघतांना यानांत ओझें कमी करावयाचें होतें, कारण चंद्रावरचे दगड व माती आणावयाची होती. तेव्हां त्या लोकांनीं काय केलें? अमूल्य भिंगासह कॅमेरा तेथेंच टाकला, आणि पाठ तेवढी काढून बरोबर आणली. पुढील सफरींतहि असेंच झालें, आणि असे एकंदर बारा कॅमेरे चंद्राच्या धुळींत पडून आहेत. भिंग पुनः विकत घेतां येतें. पाठींत जें एकदां सांठलें तें पुनः कोठून आणावयाचें, हा त्यांतला साधा हिशेब होता.

आमच्याकडे या हिशेबाच्या नेमकें उलट चाललेलें दिसतें. आजोबांचा जुना कॅमेरा पितळी भाग घांसून दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत शोभेस ठेवतात. पाहुणे त्याचें कौतुक करतात. आणि त्याच कॅमेऱ्यानें घेतलेल्या कांचा व निगेटिव्ह कोठें आहेत असें विचारलें तर त्या माळ्यावर होत्या, वाडा पाडतांना गेल्या, असें उत्तर मिळतें. स्टुडिओ बंद झाले कीं कांचांच्या पेट्या वजनावर भंगारांत जातात. कांचेवरचा थर गरम पाण्यानें धुवून तीच कांच दुसऱ्या तसबिरीस लावल्याच्या गोष्टीहि आपणांपैकीं पुष्कळांच्या कानावर असतील. म्हणजे कोणा गृहस्थाचें एकुलतें एक चित्र पुसून त्या जागीं दिनदर्शिकेवरचें छापील चित्र बसावयाचें! आपल्याकडील मूक चित्रपटांपैकीं मूठभरच आज उरले; फिल्ममधील चांदी काढून घेण्यासाठींहि कित्येक नष्ट झाले. जेथें चित्रपटांची ही गत, तेथें अकोल्यांतील एखाद्या लहान स्टुडिओची पेटी कोण राखणार?

यावर कोणी म्हणेल कीं आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे, चित्रांचें पेव फुटलें आहे, मग चार जुन्या कांचांसाठीं एवढा शोक कां? प्रश्न रास्त आहे. चित्रें वाढलीं हें चांगलेंच झालें. जिच्या आजीचें एकहि चित्र नाहीं अशी मुलगी आज आपल्या मुलाचीं शेंकडों काढते, यांत आम्हांस आनंदच आहे. परंतु पेव फुटलें म्हणजे धान्य टिकलें असें होत नाहीं. मोबाईलची पाठ आपल्या हातांत नसते. चित्रें कोठल्या तरी दूरच्या यंत्रशाळेंत ठेवलेलीं असतात, आणि यंत्र बिघडलें किंवा खातें बंद पडलें तर तीं गेलीं. उलट शंभर वर्षांपूर्वींची कांच खिडकीपाशीं धरली तर डोळ्यांनीं वाचतां येते. तिला दुसरें कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. गिलच्या रंगीत नकला एकेकच होत्या, त्या जळल्या आणि संपल्या. त्याच्या छायाचित्रांच्या प्रति अनेक निघाल्या म्हणून लोणारचें मंदिर त्या काळीं कसें दिसे हें आज कळतें. निगेटिव्ह जिवंत असेल तोंवर चित्राला दुसरा जन्म आहे.

करावयाचें काम फार मोठें नाहीं. कांच नेहमीं कडेनें धरावी, थरास बोट लावूं नये. प्रत्येक कांच साध्या कागदाच्या निराळ्या पाकिटांत घालून उभी ठेवावी. एकीवर एक रचल्यास खालच्या दडपणानें फुटतात. १९५० पूर्वींची फिल्म निराळी, थंड जागीं व विस्तवापासून दूर ठेवावी, कारण ती चटकन्‌ पेटणाऱ्या जातीची असण्याचा संभव आहे. आणि सर्वांत अगत्याची गोष्ट ही कीं, पाकिटावर चित्रांतील माणसाचें नांव, गांव व साल लिहावें. हीं नांवें आज ज्यांना सांगतां येतात तीं माणसें ऐंशीच्या घरांत आहेत. कांच आणखी शंभर वर्षें टिकेल. नांव सांगणारें माणूस टिकणार नाहीं. ज्यांस घरीं हें सांभाळणें शक्य नाहीं त्यांनीं जवळच्या महाविद्यालयाकडे किंवा ग्रंथालयाकडे तें सोंपवावें, आणि आम्हां शिक्षकांनींहि असा ठेवा नाकारूं नये. वऱ्हाडाच्या चित्रमय इतिहासाचें पहिलें प्रकरण परदेशांत सुरक्षित आहे, कारण तें सरकारी होतें. दुसरें व तिसरें प्रकरण, ज्यांत आपलीं माणसें आहेत, तें सर्वस्वीं आपल्या माळ्यांवर अवलंबून आहे.

म्हणून येत्या दिवाळीच्या साफसफाईंत एखादी जड लांकडी पेटी खालीं आली, तर ती भंगारवाल्याच्या तराजूंत घालण्यापूर्वीं तिच्यांतील एक कांच कडेनें धरून उजेडांत पाहावी, एवढीच वाचकांस विनंति. तींत पांढरें तें काळें व काळें तें पांढरें दिसतें. क्षणभर कांहींच उमगत नाहीं. मग हळूहळू कपाळ, पागोटें, मिशा, खुर्चीचा हात अशा खुणा पटूं लागतात, आणि तो चेहरा घरांतल्याच कोणाच्या तरी चेहऱ्यासारखा निघण्याचा पुष्कळ संभव असतो.